घड्याळ कोणत्या गावचे?

१२ जानेवारी

प्रिय ताई,

‘तीर्थरूप’ लिहावे की ‘प्रिय’, या एका शब्दापायी तीन कागद वाया गेले. पत्रलेखनात दहापैकी दहा गुण मिळवणाऱ्या मुलीची ही गत. चौथ्या कागदावर ‘प्रिय’ राहू दिले आहे. चुकले असेल तर तू खोड.

चौदा महिने झाले. तू नंबर बदललास. नवा नंबर मामाने दिला नाही, पत्ता मात्र दिला. “पत्र लिही,” म्हणाला, “फोन ती उचलणार नाही, आणि उचललाच तर तुझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.” खरेच आहे. समोर माणूस आले की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक? शाळेसमोरच्या दुकानात पेन्सिल मागायचीसुद्धा मला लाज वाटे. तू पुढे व्हायचीस आणि म्हणायचीस, “आमच्या पंतोजींना एक पेन्सिल द्या.”

त्याच पंतोजीला आता साठ जणांपुढे उभे राहावे लागते. गेल्या वर्षी मी तासिकेवर होते, या वर्षी कायम झाले. कला शाखेच्या सर्वांना ‘रोजचे संगणक-व्यवहार’ हा विषय सक्तीचा आहे आणि तो शिकवायला एकही अभियंता आमच्या पगारात येत नाही, म्हणून माझी वर्णी लागली. संगणक बावीस, त्यांतले चालू एकोणीस. एका संगणकापुढे तिघे बसतात आणि माउस कोणाच्या हातात राहावा यावरून रोज तह करावे लागतात.

मुले गोड आहेत. एकीने आपला निबंध ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘आता खरंच अंतिम’ आणि ‘आईशप्पथ अंतिम’ अशा चार नावांनी साठवला, आणि मला पाठवला तो पहिलाच. एकाला मी बजावले, “पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही.” तो म्हणाला, “मॅडम, मलाच आठवत नाही, सांगू कुणाला?” इतिहासाची एक मुलगी आहे. वर्ग तिला शंकासूर म्हणतो. ती उभी राहिली की मागच्या बाकावरून सुस्कारे ऐकू येतात, आणि मी फळा पुसायला वळते.

पुढच्या महिन्यात ‘नोंद आणि पुरावा’ हा धडा आहे. उदाहरण म्हणून आईच्या औषधांचा तक्ता घ्यावा असे मनात आहे. नावे काढून टाकीन. हरकत असेल तर कळव.

भांडण उकरून काढण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. झाले ते झाले. माझ्याकडून मी ते मागे टाकायला तयार आहे. “हो, तेव्हा चुकले माझे,” एवढे तू एकदा म्हणालीस की विषय संपला. मोठ्या बहिणीकडे हे फार मोठे मागणे नव्हे, असे मला वाटते.

तुझी धाकटी


२९ जानेवारी

प्रिय ताई,

उत्तर आले नाही. हरकत नाही, असाच अर्थ मी घेतला.

धड्याची टाचणे काढायला बसले आणि सगळे पुन्हा क्रमाने आठवत गेले. तुझ्यापुढे ते एकदा मांडते. माझे कुठे चुकले असेल तर तू दाखवावेस.

आईचे हृदय थकले होते. सकाळी सात, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात अशा तीन वेळच्या गोळ्या होत्या. घरी तू, तुझे शिवणयंत्र आणि आई. मी इथे, पाच तासांच्या अंतरावर. जवळ राहता येत नाही म्हणून मी जे मला येते ते केले: इंटरनेटवर एक तक्ता उघडला, जो तुझ्याही मोबाइलवर दिसेल आणि माझ्याही. कोरा करायला वेळ नव्हता. परदेशातल्या कुठल्याशा रुग्णालयाने परिचारिकांसाठी केलेला तयार नमुना मिळाला, तो उतरवून घेतला आणि शीर्षके मराठीत केली. गोळी दिली की तू चौकटीत खूण करायची आणि त्या खुणेची वेळ तक्त्याने आपोआप टिपायची. तू म्हणाली होतीस, “पंतोजी, मी गोळी देऊ की तुझी चौकट भरू?” तरीही केल्यास. एकशे चार दिवस, तीनशे बारा खुणा.

त्या दिवशी आई संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गेली. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. आणि संध्याकाळच्या गोळीपुढे तुझ्या खुणेची वेळ आहे नऊ वाजून चौतीस मिनिटे. आई जाऊन एक तास चोवीस मिनिटे झाल्यावर तू तिला गोळी दिल्याची खूण केलीस.

डॉक्टर म्हणाले होते की एका गोळीने काही थांबणार नव्हते. म्हणजे गोळी राहिली याचे मला दुःख नव्हते. खोटी खूण केलीस, याचे होते. हे मी तेव्हाही सांगितले होते. पंधरा दिवसांनी सगळे नातेवाईक घरी जमले, तेव्हा मी तो तक्ता छापून आणला आणि त्यातली शेवटच्या दिवसाची ओळ वाचून दाखवली. इतक्या माणसांत मी आयुष्यात पहिल्यांदा सलग बोलले, आणि कागद हातात होता म्हणूनच बोलू शकले.

तू आईची शाल घडी करत होतीस. म्हणालीस, “दिली गं मी. सातला दिली. पाण्याचा घोट तिने अर्धाच घेतला, तेही लिहू का कुठे?”

“मग ही वेळ?”

“तुझ्या यंत्राला विचार.”

त्यावर मामा म्हणाला, “यंत्र कशाला खोटं बोलेल बाई? त्याची काय भाऊबंदकी आहे तुझ्याशी?” दोघे-चौघे हसले. तू माझ्याकडे पाहिलेस, काहीतरी बोलायला तोंड उघडलेस, आणि मिटलेस. शालीची चौथी घडी अर्धवट टाकून आत गेलीस. ते न बोललेले काय होते, हे मी चौदा महिने विचारते आहे. मला वाटत आले की ती कबुलीच असावी.

त्या संध्याकाळी मी पोचू शकले नाही, कारण माझा तास चालू होता. ते तुला ठाऊकच आहे.

तुझी धाकटी


१७ फेब्रुवारी

ताई,

अक्षर असे आले आहे त्याला माफ कर. दोनदा पेन बदलले. दोष पेनचा नाही.

आज तो धडा झाला. जसा झाला तसाच लिहिते, काही सोयीचे गाळत नाही.

मी वर्गाला म्हणाले, “माणूस विसरतो, लाजतो, सोयीचे तेवढे आठवतो. नोंद तसे करत नाही.” वाक्य घरून पाठ करून नेले होते. मग तक्ता पडद्यावर लावला. आईला ‘अ’ केले होते, तुला ‘ब’. विचारले, “‘ब’विषयी या नोंदींवरून काय सांगता येईल?”

मागच्या बाकावरून उत्तर आले, “आळशी आहे, मॅडम. सातची गोळी साडेनऊला देते. आमच्या वसतिगृहाच्या आचाऱ्याची बहीण असणार.”

वर्ग हसला. ताई, मीही हसले. खोटे कशाला सांगू?

शंकासूर उभी राहिली. सुस्कारे झाले. “मॅडम, जरा खाली न्या ना.”

मी तक्ता खाली सरकवला.

“अजून खाली. अजून. थांबा.” ती बोटाने हवेत मोजत होती. “सकाळी नऊ एकतीस, नऊ तेहेतीस, नऊ एकोणतीस. दुपारी चार तीस, चार बत्तीस. मॅडम, ही बाई आळशी नाही.”

“कशावरून?”

“आळशी माणूस एक दिवस दहा मिनिटं उशीर करतो आणि एक दिवस चार तास. आमच्या घरी तज्ज्ञ आहेत, मला माहीत आहे.” पुन्हा हशा. ती हसली नाही. “ही रोज अडीच तासच उशीर करते. सकाळी अडीच, दुपारी अडीच, संध्याकाळी अडीच. इतका वक्तशीर आळस कुणाला जमतो? माणूस बरोबर आहे, मॅडम. घड्याळ चुकलंय.”

मी म्हणाले, “यंत्राचे घड्याळ चुकत नसते.”

“चुकलं म्हणजे बंद पडलं असं नाही म्हणत मी. आम्हाला इतिहासात पहिल्याच दिवशी शिकवतात, कागद हातात आला की आधी विचारायचं, कुणी लिहिला आणि कुठे बसून लिहिला. हे घड्याळ कोणत्या गावचं आहे?”

तुला माहीत आहे, मला उत्तर येत नाही असे वर्गात कधी झाले नाही, ना बाकावर बसून, ना फळ्यापाशी उभे राहून. मी तक्त्याच्या मांडणीची खिडकी उघडली. तिसऱ्या ओळीत एका शहराचे नाव होते. आपल्या घरातले कोणी तिथे कधी गेलेले नाही. ते शहर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. ज्या रुग्णालयाचा नमुना मी उतरवून घेतला, त्याचे घड्याळ त्याच्या पोटात तसेच चालू राहिले होते. शीर्षके मी मराठीत केली. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकू दिला नाही. घड्याळ तेवढे बदलायचे राहिले.

नऊ चौतीसमधून अडीच तास वजा कर, ताई. सात वाजून चार मिनिटे.

सात वाजून चार मिनिटांनी आई होती. तू तिला गोळी दिलीस. तिने पाण्याचा अर्धा घोट घेतला. तू सांगितले होतेस तसेच.

वर्गात कोणीतरी म्हणाले, “म्हणजे ‘ब’वर फुकट आळ आला असता ना, मॅडम?”

“आला होता,” मी म्हणाले.

शंकासूरच पुन्हा बोलली, पण हळू आवाजात. “मॅडम, शेवटच्या चौकटीच्या कोपऱ्यात छोटा काळा त्रिकोण आहे. तो काय असतो?”

तो काय असतो, हे मला ठाऊक आहे. मीच तुला शिकवले होते. मी प्रोजेक्टर बंद केला आणि तास संपायला बारा मिनिटे असताना वर्ग सोडला.

त्रिकोण अजून उघडलेला नाही. धीर होत नाही.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

उघडला. एकच नव्हता. एक्केचाळीस होते.

तुला आठवते का, ऑगस्टमध्ये मी फोनवर सांगितले होते, “काही कळवायचे असेल तर चौकटीवर बोट दाबून ठेव, टीप लिहिता येते”? तू म्हणाली होतीस, “म्हणजे चौकटीच्या कानात सांगायचं.” आपण दोघी हसलो. मी विसरले, तू विसरली नाहीस. काळे त्रिकोण मला दिसत होते. नमुन्यातलेच काहीतरी उरले असेल असे समजून मी त्यांच्यावरून डोळे पुढे नेत राहिले. आणि छापताना टिपा कागदावर उतरत नाहीत. त्या दिवशी सर्वांपुढे मी जो कागद वाचला, त्यात वेळा सगळ्या होत्या आणि तू एकाही ठिकाणी नव्हतीस.

तुझ्या टिपा मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. काही इथे लिहिते, म्हणजे मी वाचल्या यावर तुझा विश्वास बसेल.

“आज म्हणाली, गोळी कडू लागत नाही, सवय झाली. मला बरं नाही वाटलं ऐकून.”

“दुपारी यंत्र चालवत होते तर म्हणाली, चालू राहू दे, आवाज बंद झाला की भीती वाटते. म्हणून नुसतंच पाय मारत बसले, सुईत दोरा नसताना.”

“धाकटीला कळवू नको म्हणते, परीक्षेचे पेपर तपासतेय ती. पंतोजी, हे तू वाचशीलच. मी कळवलं असं सांगू नकोस.”

मी वाचले नाही, ताई. सव्वा वर्ष वाचले नाही.

आणि शेवटची. संध्याकाळच्या गोळीच्या चौकटीत:

“सव्वासात. धाकटीचा आवाज ऐकव म्हणते. तीनदा लावला. तास चालू असेल. आईला सांगितलं, फोन येऊन गेला तिचा, तुझे डोळे मिटलेले होते म्हणून उठवलं नाही. हसली.”

आता मला जे लिहायचे आहे ते मी दोन दिवस टाळते आहे. माझ्या पहिल्या दोन पत्रांत जे लपले आहे, ते असे.

वेळ टिपणारा स्तंभ तुझ्या मोबाइलवर दिसत नव्हता, कारण मी तो मुद्दाम दडवला होता. तुझा गोंधळ होऊ नये म्हणून, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण हे की तू वेळेवर देतेस की नाही यावर मला तुझ्या नकळत लक्ष ठेवायचे होते. ज्या बहिणीने दहावीनंतर वह्या बांधून ठेवल्या आणि माझ्या फीसाठी यंत्रावर बसली, तिच्या हातावर मला विश्वास नव्हता. त्या स्तंभाविषयी तुला पहिल्यांदा कळले ते सर्व नातेवाइकांसमोर.

आणि ते लक्षही मी धड ठेवले नाही. “मी रोज बघते गं,” असे मी तुला सांगत असे. मी आठवड्यातून एकदा, रविवारी, सगळ्या खुणा एकदम पाहत असे; शेजारच्या वेळा वाचतही नसे. एका दिवशी, एकाच दिवशी, संध्याकाळी सातला तो तक्ता उघडून बसले असते, तर तुझी खूण माझ्या डोळ्यांदेखत उमटली असती, आणि शेजारची वेळ खोटी आहे हे त्याच क्षणी कळले असते.

आणि तिसरे. तास चालू नव्हता. वीज गेली म्हणून वर्ग सुटला होता. मी ग्रंथालयात खिडकीपाशी वाचत बसले होते. फोन थरथरला, तुझे नाव दिसले. मला वाटले, काहीतरी आणायला सांगशील, नाहीतर ‘कधी येतेस’ म्हणून विचारशील. प्रकरण संपायला चार पाने उरली होती. मी फोन पालथा ठेवला. दुसऱ्यांदा थरथरला, तिसऱ्यांदा थरथरला. ती चार पाने मी वाचून पूर्ण केली.

आठ वाजून वीस मिनिटांनी मामाचा फोन आला, तो उचलला. त्याने विचारले, “कुठे होतीस?” मी म्हणाले, “तास होता.” तेव्हापासून तेच चालले आहे.

त्या दिवशी तू तोंड उघडून मिटलेस ते काय होते, ते आता कळले. तुझ्या मोबाइलमध्ये तीन न उचललेल्या फोनांची नोंद होती. मी तुझ्या तोंडावर नऊ चौतीस फेकत होते आणि तुझ्या हातात सव्वासात होते. सर्वांपुढे एकदा म्हणाली असतीस, “आई हिचा आवाज मागत होती, हिने उचलला नाही,” तर तिथून मी पुन्हा मान वर केली नसती. तू शाल टाकून आत गेलीस.

माफी हा शब्द लिहून पाहिला. फार लहान दिसतो. खोडला आहे, खाली दिसेल.


११ मार्च

ताई,

परवा मामाकडे गेले. त्या दिवशी जे जे होते त्यांतल्या पाच जणांना त्याने बोलावले, दोघांना फोनवर घेतले. हातात कागद नव्हता. उभी राहून सांगितले: घड्याळ परक्या गावचे होते, गोळी सातला दिली होती, स्तंभ मी लपवला होता, तास चालू नव्हता. मध्ये दोनदा जीभ चिकटली. कोणी पाणी दिले नाही, ते बरेच झाले.

मामाने फोन ठेवून दिला. मग म्हणाला, “त्या दिवशी हसलो गं मी. यंत्राची भाऊबंदकी म्हणालो, आणि लोक हसले म्हणून मलाही बरं वाटलं.” थोड्या वेळाने म्हणाला, “थेंबाने गेलेली हौदाने येत नाही, पोरी. तुझ्या पुस्तकात याला काही उपाय आहे?”

“नाही,” मी म्हणाले.

“मग निदान पुस्तकातलं काही तिला सांगत बसू नकोस.”

म्हणून समजावत काही नाही. फक्त केले काय ते सांगते. घड्याळ बदलले की पुढच्या वेळा सुधारतात, मागच्या तशाच राहतात. एका क्षणात सगळ्या वजा करणारी युक्ती आहे. ती मी मुलांना शिकवतेही. पण तीनशे बारा वेळा मी एकेक करून हाताने वजा केल्या. सात दोन, दोन वाजता, सात एक. एकशे चार दिवसांत तुला सर्वांत जास्त उशीर झाला तो अकरा मिनिटांचा. त्याच्या टिपेत तू लिहिले आहेस, “दार वाजलं होतं.” तू त्याचाही हिशोब दिला होतास, ताई.

आता त्या तक्त्याची मालकी मी तुझ्या नावावर करते आहे. खूण तुझी, टिपा तुझ्या, आई तुझ्याजवळ होती. माझे त्यात फक्त घड्याळ होते. मी तुला उघडून दिलेले टपालाचे खाते मोबाइलमध्ये अजून असेल, नंबर बदलला तरी ते बदलत नाही. तू ते कधी उघडत नाहीस, म्हणून कसे करायचे ते लिहिते. शिकवणे एवढेच मला येते.

लिफाफ्याचे चित्र दाब. सर्वांत वर माझे पत्र असेल. त्यात निळे बटण आहे, ‘स्वीकारा’ असे लिहिलेले. ते दाबलेस की तक्ता उघडेल आणि तुझा होईल. मग उजवीकडे वर, माणसाच्या चित्रापुढे अधिकचे चिन्ह आहे, ते दाब. तिथे दोन नावे दिसतील, एक तुझे आणि एक माझे. माझ्या नावासमोर छोटा बाण आहे. तो दाबलास की यादी उघडेल. यादीतली सर्वांत शेवटची ओळ ‘प्रवेश काढून टाका’ ही आहे. ती दाबलीस की तो तक्ता मला कधीही दिसणार नाही. घाई करू नकोस, प्रत्येक पायरीनंतर पान बदलायला दोन क्षण लागतात. चुकून दुसरे काही दाबले गेले तर मागे जाण्याचा बाण डावीकडे आहे.

वर्गात मी मुलांना सांगते, प्रत्येक पायरी अशी लिहावी की लिहिणारा जवळ नसतानाही वाचणाऱ्याला करता आली पाहिजे. या परिच्छेदाची तीन टाचणे काढली. सोपे झाले असेल, अशी आशा आहे. नसेल तर तेवढी एक कृपा माझ्यावर होईल.

टिपा मी वहीतून फाडून या पत्रासोबत पाठवत आहे. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही.

तुझी धाकटी


२६ मार्च

प्रिय ताई,

मंगळवारी सूचना आली, “आपण दिलेली मालकी स्वीकारण्यात आली आहे.” वेळ सायंकाळी सात वाजून तीन मिनिटे. विश्वास ठेवण्याआधी ते घड्याळ कोणत्या गावचे आहे हे तपासले. आपल्याच गावचे होते. म्हणजे सातच्या ठोक्याला अजूनही तुझा हात आपोआप मोबाइलकडे जातो. की हे मी माझ्याच मनाने ठरवते आहे? नोंदीवरून मी आता माणसाविषयी काही ठरवत नाही.

मी तक्ता उघडून पाहिला. “हे पान पाहण्याची आपल्याला परवानगी नाही.”

एकही पायरी चुकली नाहीस. मला आजवर मिळालेली सर्वांत चांगली विद्यार्थिनी तू.

शंकासूरने काल वर्ग संपल्यावर थांबून विचारले, “मॅडम, त्या ‘ब’ बाईंना कळवलं का कुणी?” मी हो म्हणाले. “मग काय म्हणाल्या त्या?” मी म्हणाले, “त्यांनी पत्र वाचले.” तिला आणखी एक शंका होती, हे तिच्या तोंडावर दिसत होते. पहिल्यांदाच तिने ती विचारली नाही.

त्या पानावर ‘परवानगी नाही’च्या खाली एक बटण असते, ‘परवानगी मागा’, आणि त्याच्यावर मालकासाठी चार शब्द लिहायला रिकामी चौकट. मुलांना मी सांगते, ती चौकट रिकामी सोडू नये, आपण कोण आणि का मागतो ते दोन ओळींत लिहावे. मी अजून काही लिहिलेले नाही. आपण कोण, या पहिल्याच प्रश्नाशी अडते.

पान मात्र उघडते, त्यावरची ती एक ओळ वाचते आणि मिटते. रविवारी एकदम नाही. रोज, संध्याकाळी सातला. अजून एक दिवसही उशीर झालेला नाही.

धाकटी